महाभक्षी पेशीस अनावृत पत्र

प्रिय महाभक्षी पेशी,

बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयावर जोडतात. संथ प्रवाहात वाढलेली ती शीर, तिच्यावर अचानक प्रत्येक ठोक्याला धमनीतल्या रक्ताचा मारा सुरू होतो. भिंत ताणते, अस्तर सोलवटतं आणि तू धावून येतेस. मेलेल्या पेशी खातेस, दुरुस्तीचे निरोप धाडतेस. तरीही भिंतीवर व्रण धरतो, वाट अरुंद होते. दहा वर्षांत अशा निम्म्याच्या आसपास शिरा निकामी होतात आणि बोट तुझ्याकडे दाखवलं जातं. हा आरोप अर्धवट आहे.

१८८२ मध्ये जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने तारामाशाच्या अळीत भक्षक पेशी पाहिल्या, तेव्हापासून तुझी ओळख खाण्यावरून. तुला स्पर्शही कळतो, हे आम्ही फार उशिरा विचारात घेतलं. वाढवलंही तुला प्लास्टिकच्या बशीत, धमनीपेक्षा हजारो पटींनी कडक पृष्ठभागावर! मऊ जेलवर ठेवल्यावर तू बरीच शांत राहिलीस; जेल कडक केलं तशी पसरलीस, तुझा दाह तीव्र झाला. तुझ्या आवरणात पिएझो-१ नावाची दारं आहेत. ताण पडला की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं. ती २०१० मध्ये शोधणाऱ्या पातापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

खरा घात पुढे होतो. तुझ्या टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या निरोपावर व्रणपेशी कोलॅजन विणतात, लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्याचे धागे एकमेकांना जखडतं, भिंत ताठरते. त्या ताठर जाळ्याला व्रणपेशी ओढ देतात, तेव्हा त्यात अडकलेलं टीजीएफ-बीटाही सुटतं. पुन्हा कोलॅजन, पुन्हा ताठरपणा, आणि त्यावर उभी असलेली तू आणखी चिडलेली.

मग नुसतं तुला गप्प करून काय साधेल? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०,००० हून अधिक हृदयरुग्णांच्या चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटा हा तुझा दाहाचा निरोप रोखणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. तू पहाऱ्यावरही असतेस ना!

शिरेला बाहेरून जाळीचा आधार देऊन ताण कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. मला ती वाट पटते. कोलॅजनची वीण मात्र सरसकट उसवता येणार नाही, तिच्याच बळावर धमनी फुगून फुटायची वाचते. आणि तुझ्यावर औषध तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने तुझ्या पायाखालचा पृष्ठभाग किती कडक होता, हे निकालासोबत नोंदवलंच पाहिजे.

तुझी बाजू घेणारा,
एक वाचक