बिनशिंगाचा गेंडा

चिंचवडला जायचे म्हणजे मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आणि पवनेच्या घाटावर घटकाभर टेकायचे, एवढेच आम्हाला ठाऊक. परवा मात्र लोकलने गेलो तो मामांची नाणी पाहायला. मामांचे सारे आयुष्य भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्रेसवर गेले.

त्यांनी सुपारीची डबी उघडली. आत चार आण्यांचे पोलादी नाणे. त्यावरचा गेंडा इतका सरकलेला, की शिंगासकट तोंडच नाण्याबाहेर राहिलेले!

"पट्टीतून आधी चकत्या पाडतात," मामा सांगू लागले. "चकती कड्यात बसली, की वरून-खालून साचे दाबतात. ती बाहेर राहिली, की चित्र असे निसटते. पट्टीच कमी सरकली, तर नाण्याला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडते. आमच्या वॉशरचेही तेच!"

कानस मारून खोट्या चुका करणारे महाभागही बाजारात असतात. म्हणून मामा आधी कडा पाहतात.

डबीत एक शिवराईही होती. साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' ही अक्षरे अर्धीच उमटलेली. पेशवाईत चिंचवडलाही टाकसाळ होती, हे मला तिथेच कळले.

चार आणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. तरी या गेंड्याला एक व्यापारी चांगले पैसे देत होता.

"अहो, देऊन टाका म्हटले, तर ऐकतील तर शपथ!" चहा ठेवता ठेवता मामी म्हणाल्या.

मामा हसले. डबी मिटणाऱ्या त्यांच्या उजव्या हाताकडे माझे लक्ष गेले. त्याची दोन बोटे अर्धीच आहेत. लहानपणापासून पाहत आलो, पण विचारायचा धीर कधी झाला नाही. आज विचारले.

"तुकडा वाकडा बसला होता. वाया जाऊ नये म्हणून सरळ करायला हात घातला, तेवढ्यात प्रेस खाली आला." मामांनी डबी हलवली. आत गेंडा खुळखुळला. "हा वाकडाच राहिला, म्हणजे टाकसाळीत कुणी हात घातला नाही. त्या माणसाची बोटे शाबूत असतील. असले नाणे विकायचे कसे रे?"

परतताना स्टेशनवर सुटे पैसे मिळाले. सगळी नाणी धड होती. तरी एकेक उलटून पाहिल्याशिवाय मला ती खिशात टाकवेनात.