अण्णांच्या मागून राजगड

आमच्या घरातली सगळी चुलत-आते भावंडं आयुष्यातला पहिला डोंगर चढली ती अण्णांच्या मागून, आणि तो डोंगर म्हणजे राजगड. अण्णा आमचे थोरले काका. भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटला लाल गाडी पकडायची, नसरापूर फाट्याला आत वळायचं, मग मार्गासनी, साखर आणि गुंजवणे. गाडी जिथवर नेईल तिथवर, उरलेलं पायी.

काकूंनी आदल्या रात्री दशम्या करून ठेवलेल्या असत. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे, कांदे, लिंबं आणि खिचडीपुरते डाळ-तांदूळ. शिधा प्रत्येकाच्या पिशवीत वाटून जायचा. अगदी शेंडेफळालाही निदान मिठाची पुडी आणि काडेपेटी मिळे. ‘रात्रीची चूल तुझ्यावर आहे हं,’ असं अण्णांनी म्हटलं की ते पोर दिवसभर पिशवी खाली ठेवत नसे.

चालण्याचा अण्णांचा एक नियम कधी मोडला नाही. सगळ्यांत हळू चालणारं मूल सगळ्यांत पुढे, त्याच्यामागे अण्णा आणि मग बाकीचे. त्या मुलाच्या पावलांनीच सगळ्यांनी चढायचं. थोरल्या दादाचे पाय शिवशिवायचे, पण पुढे जायची सोय नव्हती. चोरदरवाजाची वाट शेवटी उभ्या कातळाला भिडते. तिथे अण्णा खाली उभे राहून एकेकाला वर चढवत. ‘घाई नको. पाय बघ, मग हात.’ दरवाजातून वाकून आत शिरलं की समोर पद्मावती तळ्याचं पाणी. इतक्या उंचावर एवढं पाणी! दरवर्षी नव्याने नवल वाटायचं.

इतिहास ते जागेवर सांगत आणि थोडाच सांगत. बालेकिल्ल्यावरून पूर्वेला पुरंदर दाखवायचा. १६६५च्या तहात २३ किल्ले गेले, १२ उरले, त्या १२ मधला राजगड एक. तिकडे ईशान्येला सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७० ला तो परत आला, आणि त्याच महिन्यात, २४ तारखेला, याच राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. तानाजी पडले त्या रात्री गवताच्या गंजी पेटवून खूण केली आणि ती इथून दिसली, असं सांगतात. आम्ही अंधार पडल्यावर त्या दिशेला बघत बसायचो.

पण माझ्या मनात सगळ्यांत खोल रुतून बसली आहे ती पद्मावती माचीवरची सईबाईंची समाधी. तिथे अण्णा पायातले बूट काढायला लावत. एका वर्षी आमची आतेबहीण पहिल्यांदा आली होती. आत्या त्याच वर्षी गेली होती. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मोठी माणसं तिला फक्त जास्त वाढायची. समाधीपाशी अण्णांनी नेहमीचंच सांगितलं. सईबाई गेल्या ५ सप्टेंबर १६५९ ला. अफजलखान तेव्हा स्वराज्यावर चालून येत होता. संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे. एवढं बोलून ते थांबले आणि मग म्हणाले, ‘आजीनं वाढवलं त्यांना. जिजाऊसाहेबांनी.’ ताई समाधीशेजारी बसली आणि रडली, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. अण्णांनी आम्हाला हातानेच लांब जायची खूण केली आणि स्वतः तिच्याजवळ बसून राहिले. ऊन कलेपर्यंत कुणी उठलं नाही. संजीवनी माची त्या वर्षी राहून गेली, आणि एकानेही कुरकूर केली नाही.

ती ताई आज स्वतः आजी आहे. नातवाला घेऊन ती सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून आली. पोराला पुढे घातलं होतं का, एवढंच आम्ही तिला विचारलं. घातलं होतं.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत राजगड आहे. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचून घेतली. आता गुडघे साथ देत नाहीत, नजरही मंदावली आहे. तरी थंडी सुरू झाली की आम्ही त्यांना गाडीने गुंजवण्यापर्यंत नेतो. गावात एका ओसरीवर ते बसतात, आम्ही वर जाऊन येतो, आणि मग तळ्यात पाणी किती आहे, तटाचा कुठला चिरा निखळला, सगळं त्यांना तपशिलात सांगावं लागतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर या हिवाळ्यात त्यांना त्यांच्या गडाच्या पायथ्यापर्यंत तरी नक्की घेऊन जा. आणि चढताना घरातलं सगळ्यांत लहान मूल पुढे ठेवा.