संगणक हळू चालतो म्हणून टाकू नका

घरातला संगणक सुरू व्हायला वेळ लागू लागला की "जुना झाला, नवा घ्या" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पैसे मात्र कोणी देत नाही. कष्टकऱ्यांच्या घरात संगणक ही चैनीची वस्तू नव्हे. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, नोकरीच्या जाहिराती, सारे आता त्यावरच. म्हणून आमचा अनुभव वाचक बंधू-भगिनींस सांगावासा वाटतो.

आम्ही अमरावती-परतवाडा रस्त्यावरील वलगावचे. घरात दुसऱ्याकडून विकत घेतलेला एक जुना संगणक आहे. मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा होता आणि मुदत चार दिवसांवर आली होती. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत नऊ मिनिटे लागत. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तिची आजी म्हणे, "काहून वं पोरी, हे मशीन अजून निजेलच हाये काय?" शहरातील एका दुकानदाराने पाहताक्षणीच तीस हजारांचा नवा संगणक सुचविला. तीस हजार म्हणजे आमच्या घरची तीन महिन्यांची मिळकत.

मग आम्ही घड्याळ आणि वही घेऊन बसलो. बटण दाबल्यापासून कंपनीचे चिन्ह येईपर्यंत किती वेळ, तिथून पासवर्ड मागेपर्यंत किती आणि पासवर्ड दिल्यावर काम करता येईपर्यंत किती, असे तीन भाग पाडले. रोग कोठे आहे ते यावरून कळते. पहिल्याच भागात वेळ गेला तर लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा एखादी वायर काढून पाहावी. आमच्याकडे पहिला भाग काही सेकंदांचा, दुसरा तीन मिनिटांचा आणि उरलेला सारा वेळ पासवर्डनंतरचा होता.

पासवर्डनंतर वेळ जातो याचे नेहमीचे कारण म्हणजे न बोलावता उठणारे प्रोग्रॅम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'स्टार्टअप' या भागात त्यांची यादी दिसते. आमच्या यादीत चौदा नावे निघाली. व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्रॅम आणि आवाजाचा प्रोग्रॅम ठेवून बाकीचे 'डिसेबल' केले. ते पुसले जात नाहीत, फक्त आपोआप सुरू होत नाहीत. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला होता, तोही मोकळा केला. नऊ मिनिटांची पाच झाली. एक पैसा लागला नाही आणि अर्ज मुदतीत गेला.

झाडलोटीने निम्मे काम होते हे आमच्या गावाला नवीन नाही. येथेच पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याच १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात पन्नास तबकड्या होत्या आणि वजन सुमारे एक टन. आज ती तळहातावर मावते, पण पद्धत तीच. तबकडी फिरते आणि वरचा दांडा हवी ती माहिती शोधत पुढेमागे धावतो. घरच्या संगणकातील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, तेव्हा दांड्याची दमछाक होते. टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' सतत शंभर टक्क्यांवर दिसली, तर दोष बहुधा तेथेच.

आमचीही शंभरावरच होती. पुढच्या पगाराला तिच्या जागी एसएसडी बसवून घेतली. तिच्यात फिरणारा भागच नसतो. खर्च दुकानदाराने सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाहून कमी आला. आता संगणक पन्नास सेकंदांत तयार होतो.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर आधी जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, दुरुस्ती नंतर. संगणकाची तारीख दर वेळी मागे जात असेल तर आतला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळेसुद्धा उघडेनाशी होतात. आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आहे. वेग वाढला म्हणजे सुरक्षितताही आली असे नव्हे. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते.

सध्या आमची मुलगी रविवारी शेजारच्या घरांतले संगणक पाहून देते. ती स्वतः काही करीत नाही. त्या घरच्या मुलाला खुर्चीवर बसविते, वही त्याच्या हाती देते आणि तीन बटणे त्यालाच दाबायला लावते. मागच्या रविवारी सातवीतल्या एका मुलीने आपल्या घरच्या यादीतले अकरा प्रोग्रॅम स्वतः बंद केले. तिचे वडील शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी मागविलेल्या नव्या संगणकाचा बेत त्याच दिवशी रद्द झाला आणि ते पैसे तिच्या शिकवणीला लागले.