आईची पाठ आणि माझी एक्सेल शीट

दर दुसऱ्या रविवारी सकाळी चहा झाला की मी आईच्या पायाची नखं कापतो. ती खुर्चीवर बसते, मी खाली पाटावर. पहिल्यांदा दोघांनाही फार अवघडल्यासारखं झालं होतं. आता सवय झालीये. मध्येच ती म्हणते, "लहानपणी नखं कापताना घर डोक्यावर घ्यायचास." आणि मी म्हणतो, "हलू नकोस."

तर आज या नखांबद्दल लिहायचंय. म्हणजे खरं तर आईच्या पाठीबद्दल.

आईची पाठ सरळ नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच त्यावर बोलत नसे. सगळ्यात नेमकं माहीत होतं ते तिच्या शिंप्याला. ब्लाउजच्या मापात एक खांदा दुसऱ्यापेक्षा कमी धरायचा हे त्याने वहीत लिहूनच ठेवलं होतं. शाळेत असताना कुणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा आजीने सांगितलं, ओढणी पाठीवरून नीट पसरून घे आणि लग्न जमेपर्यंत हा विषय काढू नकोस. विषय त्यानंतरही निघाला नाही. चाळीस वर्षं!

याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा नुसता बाजूला वाकत नाही, स्वतःभोवती थोडा पिळलाही जातो. एक्स-रेवर हा बाक मोजायची रीत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली मांडली. ती आजही तशीच वापरतात. १० अंश किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस. आईचा कमरेतला बाक होता ४८ अंश.

आता गंमत बघा. तरुणपणी आईला फारसा त्रास नव्हता. दोन बाळंतपणं, शाळेतली नोकरी, पाणी भरणं, सगळं झालं. पण वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, सांधे झिजतात, आणि जुना बाक हळूहळू कोसळायला लागतो. पन्नाशीनंतर आई ओट्यावर कोपर टेकून पोळ्या लाटायला लागली. मॉलमध्ये मात्र ट्रॉली ढकलत तासभर फिरायची. मला वाटलं, हिला शॉपिंगची आवड लागली! नंतर कळलं की पुढे वाकलं की कण्यातल्या दबलेल्या नसांना जरा जागा मिळते. ट्रॉली म्हणजे तिची काठी होती. माझ्या मात्र कधी लक्षात आलं नाही.

दोन वर्षं फिजिओथेरपी, गोळ्या, इंजेक्शनं झाली. आधी हेच करतात आणि बऱ्याच जणांचं यावर भागतं. आईचं भागलं नाही. दहा मिनिटं उभं राहणंही अवघड झालं, तेव्हा आम्ही सर्जनकडे गेलो.

त्यांनी डोक्यापासून मांड्यांपर्यंतचा, उभं करून काढलेला एक्स-रे लावला. मी समोरून काढलेल्या फोटोतला नागमोडी कणा बघत बसलो होतो. डॉक्टर बघत होते बाजूने काढलेला. त्यांनी मानेच्या शेवटच्या मणक्यापासून खाली एक रेघ सोडली, गवंडी ओळंबा सोडतो तशी. ती माकडहाडाच्या वरच्या मोठ्या हाडाच्या मागच्या कोपऱ्याजवळ पडायला हवी. पाचेक सेंटीमीटर पुढे गेली की शरीराला ते महाग पडायला लागतं. आईची ११ सेंटीमीटर पुढे होती.

फ्रान्सचे जाँ द्युबुसे या सर्जननी ही कल्पना फार सोपी करून सांगितली आहे. आपल्या पावलांपासून वरती उघडणारा एक शंकू कल्पावा. शरीर त्या शंकूच्या आत असेल तर उभं राहायला जवळजवळ काहीच मेहनत लागत नाही. बाहेर गेलं की प्रत्येक स्नायू ओव्हरटाइम करतो. आई दिवसभर नुसती उभी राहूनच दमत होती. आणि आम्ही म्हणत होतो, "वय झालं, थोडा आराम कर."

घरी येऊन मी रात्रभर वाचत बसलो (इंजिनिअरला दुसरं काय येतं?). ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी धातूचा रॉड तयार केला आणि १९६२ मध्ये त्यावर पेपर लिहिला. वर-खाली हुक अडकवायचे आणि मध्ये जॅक लावल्यासारखा कणा ताणायचा. त्या काळात ही क्रांतीच होती. पण रॉड कमरेत खालपर्यंत गेला की तिथला नैसर्गिक खोलगट बाक सपाट व्हायचा. समोरून कणा सरळ, पण पुढे अनेक वर्षांनी त्यातले काही रुग्ण पुढे झुकायला लागले. आमच्या भाषेत, तिकीट क्लोज झालं आणि बग प्रॉडक्शनमध्ये वर्षांनी उगवला. आता प्रत्येक मणक्यात स्क्रू बसवतात आणि रॉड कमरेच्या आकारात वाकवूनच घालतात. मोठ्या माणसात बाक किती अंशांनी कमी झाला यापेक्षा डोकं परत कमरेवर आलं का, हे जास्त महत्त्वाचं.

डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. छातीच्या दहाव्या मणक्यापासून थेट पेल्व्हिसपर्यंत स्क्रू, दोन रॉड, आणि मधले सगळे मणके कायमचे एकमेकांना जोडायचे. आठ-नऊ तास. वर धोके. मोठ्यांच्या किचकट शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, १५ केंद्रांतले २७२ रुग्ण. डिस्चार्जच्या वेळी साधारण २२ टक्के लोकांच्या पायातली ताकद आधीपेक्षा कमी होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आलं. शिवाय रॉड तुटणं, जोड न बसणं, जंतुसंसर्ग, पुन्हा ऑपरेशन.

दुसरा अभ्यास २०१९ चा, ४० ते ८० वयाच्या रुग्णांचा. त्यातल्या ६३ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, ऑपरेशन आणि बिनऑपरेशन. बिनऑपरेशनवाल्यांपैकी ६४ टक्के लोक दोन वर्षांत आपणहून ऑपरेशनकडे वळले. मला हा आकडा सगळ्यात बोलका वाटला.

सगळं ऐकून आईने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "मला खाली बसता येईल का?"

ते म्हणाले, "मांडीच्या सांध्यातून वाकता येईल. खुर्ची, जिने, चालणं जमेल. कमरेतून वाकणं मात्र संपेल. जमिनीवर बसणं अवघड. पायाची नखं बहुतेक दुसऱ्या कुणालातरी कापावी लागतील."

बाबा म्हणाले, "या वयात कशाला?" मावशीने फोन करून कुणाच्यातरी ओळखीतल्या लुळ्या पडलेल्या बाईची गोष्ट ऐकवली. आणि मी काय केलं? एक्सेल शीट! फायदे, तोटे, प्रत्येकाला वेटेज, खाली बेरीज. उत्तर आलं 'थांबा'. मोठ्या अभिमानाने लॅपटॉप आईपुढे ठेवला.

तिने चष्मा लावून सगळं वाचलं. शिक्षिका ना! मग विचारलं, "यात हे मार्क कुणी दिले?"

"मी."

"पाठ कुणाची आहे?"

मी गप्प. तिने एकेक ओळ तपासली. 'खाली बसणं' याला मी २ दिले होते. तिने ९ केले. रांगोळी, गौरीपुढची मांडणी, पंगतीत बसणं, हे सगळं जाणार याचं तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाईट वाटत होतं. आणि 'दिसणं' याला मी शून्य दिलं होतं. या वयात दिसण्याचं काय, असंच मीही धरून चाललो होतो. तिने तिथे १० लिहिले.

"डॉक्टर म्हणालेत पूर्ण सरळ होणार नाही. नको होऊ दे. पण चाळीस वर्षं पाठ लपवून चालले मी. जरा मान वर करून उभी राहीन म्हणते."

बेरीज तिने केलीच नाही. लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "तारीख घे."

तारीख लगेच मिळाली नाही. डेक्सा स्कॅनमध्ये हाडं ठिसूळ निघाली. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत, म्हणून आधी काही महिने हाडांसाठी इंजेक्शनं घ्यावी लागली. मग ऑपरेशन झालं, नऊ तास. पायापर्यंत सिग्नल पोचतोय का हे यंत्र सतत बघत असतं. १९७० च्या दशकात ही सोय सहज नव्हती, तेव्हा पेशंटला मध्येच जागं करून "पाय हलवा" असं सांगायचे. बाहेर बसून हे आठवायला नको होतं.

शुद्धीवर आल्यावर उजवं पाऊल वर उचलेना. त्या २२ टक्क्यांत आपली आई आहे हे कळल्यावर टक्केवारीला काही अर्थ उरत नाही, बरं का. तिसऱ्या आठवड्यात ती रडली, "कशाला केलं मी हे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी 'मी म्हटलं होतं' हे वाक्य उच्चारलं नाही, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पावलाचा व्यायाम तेच घ्यायचे. चार महिन्यांनी पाऊल बऱ्यापैकी परत आलं. अंगठा अजून थोडा आळशी आहे.

आता सव्वा वर्ष झालं. बाक ४८ चा २१ वर आला, ओळंबा जवळपास जागेवर आला. ती पाऊण तास ओट्याशी उभी राहते, कोपर न टेकता. पाठ दुखत नाही असं नाही, थंडीत दुखते. खाली पडलेला चमचा उचलायला मला हाक मारते. यंदा गौरीपुढची रांगोळी मी काढली, ती मागे उभी राहून चुका सांगत होती. मध्येच गप्प झाली. तिला काय वाटत असेल ते मला कळलं, पण मी ठिपके मोजत राहिलो.

ब्लाउज शिवायला गेली तेव्हा शिंप्याने वहीतलं जुनं माप खोडून नवं लिहिलं. घरी येऊन तिने हे दोनदा सांगितलं.

कुणी हे वाचून ऑपरेशन करावं किंवा करू नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या आईचं उत्तर वेगळं येईल आणि तेही बरोबर असेल. मी फक्त इतकं शिकलो की माहिती गोळा करणं माझं काम होतं, मार्क देणं नव्हतं. आणि हो, घरात वाढत्या वयाची मुलगी किंवा मुलगा असेल तर एकदा गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एक बाजू उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ओढणी पसरून घे म्हणू नका.

चला, आज नखांचा रविवार आहे. नेलकटर नेहमीप्रमाणे जागेवर नाही.