घाव आणि गुण

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं म्हणतं कोण? दगड तर नाहीच. पाथरवटही कामाच्या भरात असं बोलत नसावा. बोलतो तो मूर्ती उभी राहिल्यावर हात जोडायला आलेला. घाव बसताना मधूनच तडकलेला दगड त्याच्या नजरेला पडतच नाही.

अशा देवपणाला लावायची पट्टीही आहे: आपत्तीतून गेलेल्या मुलांची मानसिक वाढ मोजणारी एक प्रश्नावली. दहा विधानं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. माणसं अधिक जवळची वाटतात का, संकट झेपेल असं वाटतं का, देवावरची श्रद्धा वाढली का. २००५च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या सात ते दहा वर्षांच्या मुलांपुढे ती ठेवली गेली. हेतू चांगलाच होता: मुलाकडे केवळ जखम म्हणून पाहू नये. पण या विषयावरच्या अनेक अभ्यासांत वाढ आणि भीती सोबतच आढळली. म्हणीत आधी घाव, मग देवपण; मुलांत दोन्ही एकाच वेळी.

किल्लारीत तर ही म्हण ओठांवर आणणंच जड जातं.

३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक दगडमातीखालीच. जाडजूड भिंती; आत-बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. वर माळवद: लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं वाढत गेलेला. उन्हाळ्यात गारवा देणारं घर हेच. हादरा बसताच भिंतींचे थर सुटले आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. पुढे कित्येकांना दगडी भिंतीच्या आडोशाला झोपण्याचाच धसका बसला.

सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्थांनी सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने अशाच मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं राहिलं. त्यातल्या एखाद्या मुलात बळ आलं असेल, तर ते भूकंपाच्या खात्यात मांडायचं, की वेळेवर मिळालेल्या जेवणाच्या, शिक्षकाच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या मित्राच्या? शिवाय आठ वर्षांचं मूल अकरा वर्षांचं होताना एरवीही वाढतंच. भूकंपाआधी ते कसं होतं, हे कुणी नोंदवून ठेवलेलं नसतं.

तरीही मोजूच नये, असं म्हणवत नाही. न मोजलेलं दुःख सरकारदरबारी सहज विसरलं जातं, आणि न मोजलेलं बळसुद्धा.

किल्लारीच्या वेळी ही पट्टी नव्हती. मोठ्यांसाठीची मूळ प्रश्नावलीसुद्धा १९९६ मध्ये आली. तेव्हाची शाळकरी मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. कुणी त्यांच्याकडे जाणार असेल, तर त्यांनी दिलेलं ‘सांगता येत नाही’ हे उत्तरही जसंच्या तसं लिहून घ्यावं. त्यापुढे शून्य गुण मांडू नयेत.