डॉक्टरांना घर ठाऊक होतं

आमच्या लहानपणी धुळ्यात फॅमिली डॉक्टरांचा कंपाउंडर काचेच्या बाटलीत लाल मिक्श्चर भरून द्यायचा. बाटलीला डिंकाने चिकटवलेली कागदाची पट्टी, तिला कात्रीने पाडलेल्या खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. मात्र कुणाला किती झेपेल, हे डॉक्टर घर बघून ठरवत. ‘या गोळीनं तुझ्या आईला दिवसभर गुंगी येते, तुला अर्धीच देतो,’ असं ते सहज बोलून जात. आजोबांपासूनच्या सगळ्यांच्या तब्येती त्यांना तोंडपाठ.

पण पोरगं गप्प झालं, जेवेना, शाळेत जाईना, की ही ओळख कामी येत नसे. ‘पोऱ्याले नजर लागनी,’ म्हणत आजी मीठ-मिरच्या ओवाळायची. मग भगत. फारच झालं तर नाशिकचा डॉक्टर, तोही शेजाऱ्यांना लग्नाला जातो सांगून. त्या दिवसांची मला ओढ आहे, पण त्या लपवाछपवीची मुळीच नाही. कितीतरी पोरं आतल्या आत सुकत गेली.

आज जळगाव-धुळ्यात आई स्वतः लेकीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेते. २०२२ पासून १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आधार आहे. पहिल्या गोळीने मळमळ, बेचैनी झाली की पालक विचारतात, ‘जनुक तपासणी करू का?’ रक्तात पिढ्यांचा वारसा असतो, हे सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेलच्या तपासणीने कधीच शिकवलंय.

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नमुना प्रयोगशाळेत जातो. सीवायपी२सी१९ हे जनुक यकृतातल्या एका एन्झाइमचा वेग ठरवतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळ्या याच वाटेने पचतात. वेग मंद असला तर औषध अंगात साचतं, फार जलद असला तर पुरेसं टिकत नाही. युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे मंद प्रकार जास्त आढळतो. म्हणजे ‘तुला अर्धीच’ हा जुना अंदाज आता कागदावर येतो, याचं मला अप्रूप वाटतं.

पण मूल बरं होईल का, हे तो कागद सांगत नाही. अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मुलांची औषधं या चाचणीवरून निवडू नका, असंच सांगितलं. आणि २००४ पासून तिथे या गोळ्यांवर ठळक इशारा आहे: सुरुवातीच्या काळात काही मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून शिरपूर-चोपड्याहून येणाऱ्या आईबापांनी चाचणीच्या पैशांआधी पहिल्या महिन्यातल्या फेऱ्यांचं एसटीभाडं बाजूला काढावं, आणि घरात पूर्वी कुणाला कोणती गोळी मानवली, हे डॉक्टरांना न लाजता सांगावं.