दोन जावई, एक पट्टी

एका सासुरवाडीत दोन जावई एकदमच उतरले, तर मानाचा पाट कोणाला, हा प्रश्न शास्त्रकारांनीही टाळला आहे. संगणकवाल्यांनी मात्र तो सोडवला. जुन्या 'आयडीई' जातीच्या संगणकात एकाच चपट्या पट्टीला दोन हार्ड डिस्क लागतात. एकीने 'मास्टर' व्हायचे, दुसरीने 'स्लेव्ह'. हा मान ठरवतो ज्वारीच्या दाण्याएवढा जंपर. आमच्या आईच्या काळी पोलक्याला झंपर म्हणत. हा दोन पिना झाकतो, एवढेच काय ते साम्य. 2003 साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने हे मालक-गुलाम शब्द टाळा, असे पुरवठादारांना कळवले. पण आमचा संगणक त्याआधीचा!

लातूरच्या साडूंचा संगणक जळाला, डिस्क तेवढी वाचली. तिच्यात सासूबाईंचे फोटो होते. आणि सासूबाई आता फोटोतच उरल्या आहेत. म्हणून साडू डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीने नांदेडला आले.

मी प्लग काढून डबा उघडला. पट्टीची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे धरून टोक आमच्या डिस्कला लावले, मधला जोड त्यांच्या.

"आता तुमची डिस्क स्लेव्ह करू."

"लातूरची डिस्क अन् गुलाम? जमणार न्हाई, साडूभाऊ!"

महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या 2009 सालच्या वादाची सारी धग त्या आवाजात होती. त्यांच्या हट्टाखातर दोघींना मास्टर ठेवले. पडद्यावर एकही दिसेना! दोघी एकाच हाकेला 'ओ' देऊ लागल्या, तर संगणकाने ऐकायचे कोणाचे? मी समजावले, की मालक गुलामाला कसलाच हुकूम सोडत नाही; एकीचा नंबर शून्य, दुसरीचा एक, बस्स. साडू ढिम्म.

शेवटी सौ. भुवया कोरायचा चिमटा घेऊन आली.

"भाऊजी, स्लेव्ह केल्यानं आईचे फोटो कमी होतात का हो?"

"न्हाई."

"मग सरका."

जंपर हलला, दोन्ही डिस्क दिसल्या. पहिल्याच फोटोत सासूबाई पंगतीत वाढत होत्या. आम्ही दोघे शेजारी-शेजारी, आणि पुरणपोळी दोघांच्याही ताटात सारखीच. बराच वेळ कोणी बोलले नाही.

नव्या 'साटा' पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र वायर असते. भांडणाला जागाच नाही. तरी निघताना साडूंनी डिस्क मागितली नाही.

"ऱ्हाऊ द्या शेजारी," म्हणाले.